सरकारवाडा पाडायचा नाही, वाचायचा!

१८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा थकवा उतरतो न उतरतो तोच हा दिवस येतो आणि आपल्या वस्त्यांत कोणाच्या लक्षातही राहत नाही. मागे एकदा याच दिवशी आम्ही वस्तीतल्या दहा-बारा मुलामुलींना घेऊन जुन्या नाशकात गेलो. दहीपूल, भांडी बाजार करत सराफ बाजारात आलो आणि काळ्या दगडाच्या त्या उंच जोत्यासमोर थांबलो. सरकारवाडा. पेशवेकाळातली वास्तू, आज राज्य संरक्षित स्मारक.

आम्ही माहिती द्यायला सुरुवात केली, तेवढ्यात बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी म्हणाली, "दादा, पेशव्यांचा वाडा आपण कशाला बघायचा? पडतोय तर पडू द्या ना." बाकीची हसली. एकाने "एकदम बरोबर" म्हणून टाळी दिली.

खरे सांगायचे तर आम्हाला त्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे नीट देता आले नाही. "इतिहास माहीत असावा" असे काहीतरी गुळमुळीत बोलून आम्ही पुढे निघालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. तो रागातून आलेला असला तरी रास्त आहे. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारवाडा पडू देण्यात आपला काहीच फायदा नाही. तो टिकला पाहिजे, कारण तो पुरावा आहे. मात्र तो ज्या पद्धतीने आज दाखवला जातो, त्या पद्धतीने तो अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा वाडा दाखवणे हे आपले काम आहे.

वाडा आणि त्याचे शहर

मोगलांच्या काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. अठराव्या शतकाच्या मध्यास हे शहर मराठ्यांच्या ताब्यात आले, पुन्हा नाशिक झाले आणि पेशव्यांचे व त्यांच्या सरदारांचे आवडते ठाणे बनले. गोदावरीचा काठ, तीर्थक्षेत्र आणि चहूबाजूंनी येणारा महसूल. १७४७ मध्ये सरदार नारोशंकरांनी गोदाकाठी मंदिर बांधले. पुढे पंचवटीत सरदार रंगराव ओढेकरांनी काळाराम मंदिर बांधले. याच शतकात नदीच्या अलीकडे, गावठाणाच्या पोटात, सरकारवाडा उभा राहिला.

वाड्याची बांधणी पाहण्यासारखी आहे, हे मोकळेपणाने मान्य करू. नदी जवळ, त्यामुळे घडीव काळ्या पाषाणाचे जोते चांगले उंच घेतलेले. आत जायला पायऱ्या चढाव्या लागतात. खाली दगड, वर वीट आणि लाकूड. आत चौक, चौकाभोवती कोरीव लाकडी खांब. पेशवाईतल्या वाड्यांची ही ठरलेली रीत होती. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलाची नक्षी, तुळयांवर कडीपाट. लाकडाचा सांगाडा भार पेलतो आणि भिंत मधली जागा भरते. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ या दोन्ही पुरांत सराफ बाजार पाण्याखाली गेला होता. ज्यांनी हे जोते इतके उंच घेतले, त्यांना गोदावरीची चांगली ओळख होती.

पेशव्यांच्या वास्तव्यासाठी आणि कारभारासाठी हा वाडा होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, नाशिक इंग्रजांच्या हाती गेले आणि वाडा नव्या सरकारच्या कामी लागला. १८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालयही बराच काळ याच वाड्यात होते. आज तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. शहरातल्या एका पोलीस ठाण्याचे नाव अजूनही 'सरकारवाडा' आहे.

नावाकडे जरा थांबून बघा. सरकार म्हणजे पेशवे, मग सरकार म्हणजे कंपनी, मग राणी, मग आपले निवडून दिलेले राज्य. सरकार तीन वेळा बदलले, वाड्याचे नाव तेच राहिले.

नकाशा म्हणजेच जातव्यवस्था

समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट पटली. जात माणसांच्या डोक्यात असते हे खरे, पण ती उंबऱ्यात, भिंतीत, जिन्यात आणि मागच्या गल्लीतही असते. पुस्तक जाळता येते. घराचा नकाशा मात्र पिढ्यान्‌पिढ्या माणसांना कुठे थांबायचे ते शिकवत राहतो.

पेशवाईतला कुठलाही मोठा वाडा घ्या आणि रस्त्यावरून आत चाला. आधी मोठा दरवाजा. त्यात माणूस वाकून जाईल एवढी छोटी दिंडी. आत देवडी, तिथे पहारा. मग चौक. चौकापर्यंत घेणेकरी, देणेकरी, कारागीर, कुळवाडी येऊ शकत. पुढे ओसरी आणि सदर. तिथे कोण बसणार, कोण उभे राहणार हे ठरलेले. त्यापुढे माजघर, तिथे घरच्या बायका. त्याहून आत स्वयंपाकघर आणि देवघर, तिथे सोवळे. एकेक उंबरा ओलांडताना माणसे गळत जातात. शेवटच्या खोलीत फक्त एक जात उरते, आणि त्या जातीतलीही सगळी माणसे नाही, कारण ओवळ्यात असलेल्या बाईला तिथे प्रवेश नाही.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून आणि त्यासाठी बाईवर पहारा ठेवून, हे त्यांनी तिथे मांडले. विधवेचे सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांची उकल त्यांनी याच सूत्राने केली. ते सूत्र हातात घेऊन वाड्यात गेलो की माजघराचा आतला दरवाजा आणि महाराला थांबवणारा बाहेरचा दरवाजा एकाच कुलपाचे आहेत हे दिसते.

आता मागच्या बाजूने या. परसदार, न्हाणी आणि टोपलीचे संडास. त्या संडासाचा मैला उचलायला येणाऱ्या माणसासाठी वेगळी वाट, बहुतेक वेळा दोन वाड्यांमधली अरुंद बोळ. पुढच्या दरवाजाच्या नक्षीचे फोटो हजारो निघतात. या बोळीचा फोटो कोणी काढत नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर देशाला २०१३ मध्येही पुन्हा कायदा करावा लागला, म्हणजे ती बोळ किती लांबवर पोहोचली ते समजून घ्या.

आणि ज्यांची सावलीही चालत नव्हती ते कुठे होते? या नकाशात त्यांची खोली नव्हती. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या आपल्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईची नोंद घेतली आहे. अस्पृश्याने ओळख पटावी म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. पुण्यात तर कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे आपल्या पावलांची धूळ आपणच झाडत जायचे, आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवायचे. हा नियम ज्या राज्याचा, त्याच राज्याचे हे वाडे. नक्षीदार खांब आणि गळ्यातले मडके एकाच काळातल्या वस्तू आहेत. संग्रहालयात मात्र खांब उभा राहतो, मडके गायब होते.

दगड उचलले कोणी?

वाड्याच्या माहितीत वाचायला मिळते की अमुक पेशव्यांनी, अमुक सरदारांनी बांधला. पेशव्यांनी दगड फोडला नाही. डोंगरातून काळा पाषाण काढायचा, तो सुरुंग नसताना पाचरी मारून फोडायचा, गाड्यावर चढवायचा, जागेवर आणून टाकीने घडवायचा, हे वडार, बेलदार, पाथरवटांचे काम. चुन्याची भट्टी लावायची, बैल जुंपून घाणीत चुना मळायचा. कुंभाराने विटा भाजायच्या. सुताराने साग तासायचा. दगड वर चढवायला जो दोर लागतो तो मांगाने वळायचा, पाण्याची मोट आणि पखाल चांभार-ढोरांच्या हातची. आणि ओझी वाहायला, लाकूड फोडायला, गवत आणायला, रात्री राखण करायला महार. त्यातले बरेचसे काम वेठीचे, म्हणजे बिनपगारी.

काळाराम मंदिराबद्दल सगळीकडे एक माहिती सांगितली जाते. दोन हजार माणसे बारा वर्षे खपली आणि तेवीस लाख रुपये लागले. बघा, रुपयांचा आकडा आहे, माणसांचाही आकडा आहे. पैसे देणाऱ्याचे नाव आहे. त्या दोन हजारांतले एकही नाव लोकांच्या तोंडी नाही. सरकारवाड्याच्या वाट्याला तर असा आकडाही येत नाही.

आपल्याकडचे काही लोक म्हणतील, हे सगळीकडेच असते, ताजमहालावर तरी कारागिरांची नावे कुठे सांगतात? मान्य. पण आपण नाशिककरांना हे उत्तर पुरत नाही, कारण याच शहराच्या वेशीवर याहून दीड हजार वर्षे जुना आणि वेगळा दाखला उभा आहे. त्याकडे पुढे येऊ.

सरकार बदलले, पायरी तीच

१८१८ नंतर आपल्याला वाटते की पेशवाई गेली आणि वाट मोकळी झाली. भीमा कोरेगावचा अभिमान आपल्याला आहे आणि असलाच पाहिजे. पण कचेरीची पायरी इंग्रजी राज्यातही लवकर उतरली नाही. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. जिल्ह्याचा कारभार कचेऱ्यांतून चाले आणि कचेरीपर्यंत वसूल पोहोचवायचा तो गावच्या महाराने. सरकारी खजिन्यासोबत चालत जायचे, टपाल पोचवायचे, साहेबाच्या मुक्कामाला लाकूडफाटा पुरवायचा. १८७४ च्या वतन कायद्याने ही गावची जुनी गुलामी इंग्रजी कागदावर पक्की केली. ज्या महाराच्या भरवशावर खजिना रात्रीचा सुरक्षित होता, त्याला कचेरीच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती.

यावर दोन तारखा पाठ करून ठेवा. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. या यादीत कचेऱ्या आणि न्यायालयेही आहेत. कायदेमंडळात ठराव करावा लागला याचा अर्थ उघड आहे. इंग्रजी राज्याला शंभर वर्षे उलटली तरी सरकारी इमारतीचा उंबरा आपल्यासाठी उघडलेला नव्हता. दुसरी तारीख १९ मार्च १९२८. त्या दिवशी बाबासाहेबांनी त्याच विधिमंडळात महार वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतन रद्द होण्यासाठी मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. तोवर बाबासाहेब आपल्यातून गेले होते.

म्हणून 'सरकारवाडा' हा शब्द आम्ही दोन अर्थांनी वाचतो. एक पेशव्यांचा वाडा. दुसरा, सरकार नावाची गोष्टच एखाद्या वाड्यासारखी बांधलेली असणे, पुढे दरवाजा, आत देवडी आणि आपण चौकाच्या बाहेर. राज्यघटनेने या दुसऱ्या वाड्याचे दार कायद्याने उघडले. दार उघडले म्हणून आतली सवय मोडली का, हे अॅट्रॉसिटीची तक्रार घेऊन कुठल्याही ठाण्यात तासन्‌तास बसलेल्या माणसाला विचारा.

नदीपलीकडचा दरवाजा

सरकारवाड्यापासून नदी ओलांडली की पंचवटी. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष काळाराम मंदिराकडे निघाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि जिल्ह्यातल्या गावागावांतून भाकरी बांधून आलेली आपली माणसे. मंदिराचे सगळे दरवाजे बंद करून घेतले होते. मोर्चा गोदाघाटाकडे वळला आणि सत्याग्रह सुरू झाला. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह पाच वर्षे या ना त्या रूपाने चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

हा सत्याग्रह देवदर्शनासाठी नव्हता. ३ मार्च १९३४ ला दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी हे स्वच्छ सांगितले आहे. आपल्या माणसांना चेतवण्याचा आणि त्यांना त्यांची जागा दाखवून देण्याचा तो मार्ग होता. आता ती माणसे हे काम झाल्यावर शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळावीत, असे त्यांना वाटत होते.

आमचा मुद्दा एवढाच की १९३० मध्ये बंद झालेला तो दरवाजा एकट्या मंदिराचा नव्हता. त्याच्या मागे वाड्याची देवडी होती, वाड्याचे सोवळे होते, सराफ बाजाराचा पैसा होता. आपल्या आजोबा-आजींनी मंदिराच्या दाराशी बसून वाड्याच्या नकाशालाच आव्हान दिले. म्हणून सत्याग्रहाचा इतिहास सांगताना वाडा वगळता येत नाही आणि वाड्याचा इतिहास सांगताना सत्याग्रह वगळता येत नाही. दोन्ही एकमेकांपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत.

त्रिरश्मीच्या भिंतीवरचा हिशोब

आता वेशीवरचा तो दाखला. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काहीही संबंध नाही. चोवीस लेण्यांचा हा बौद्ध समूह साधारण दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली. तिथल्या भिंती बोलक्या आहेत.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने संघासाठी ३००० कार्षापण ठेव म्हणून दिले. ठेव कोणाकडे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, महिना शेकडा एक दराने. दुसरीकडे १००० कार्षापण, महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. गणित स्वतः करून बघा, चोख जुळते. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी ठेव दिली, ती कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली अशा श्रेणींकडे. चैत्यगृहावर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे.

विचार करा. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या संस्थेकडे विश्वासाने ठेवतो आणि ते दगडावर कोरतो. विणकर, कुंभार, तेली ही त्या काळी नावानिशी नोंदवण्याजोगी, पत असलेली माणसे होती. एक स्त्री स्वतःच्या नावाने दान देते. त्यानंतर दीड हजार वर्षांनी त्याच गोदावरीच्या खोऱ्यात बांधलेल्या वाड्यात याच हातांचे काम आहे, पण सांगण्याजोगे नाव फक्त मालकाचे.

इथे प्रामाणिक राहू, नाहीतर आपणही त्यांच्यासारखेच होऊ. त्रिरश्मीची भिंत म्हणजे जातीविरहित स्वर्ग नव्हे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात तिने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती करताना त्याने चार वर्णांचा संकर थांबवला असे अभिमानाने म्हटले आहे. बौद्ध भिक्खूंना लेणे दान देणाऱ्या राजघराण्याच्या लेखात वर्णाचा अभिमान! आणि डोंगर कोरणाऱ्या हातांची नावे तिथेही फारशी नाहीत. हे लपवायचे नाही. पुरावा तोच, जो आपल्याला गैरसोयीचा असला तरी आपण वाचतो. तरीही फरक राहतोच. एका वास्तूने कष्टकऱ्यांच्या संस्थांना दगडावर जागा दिली, दुसरीने त्यांना दगडाखाली ठेवले.

मग करायचे काय?

"पडू द्या" म्हणणाऱ्या मित्रांना आमचा प्रश्न आहे. वाडा पडला तर जागा कोणाला मिळेल? आपल्याला नक्कीच नाही. जुन्या नाशकात दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, वाडे कोसळतात, तिथे राहणारे गरीब भाडेकरू रस्त्यावर येतात आणि मागाहून तिथे इमारत उठते. खासगी वाड्यांचे हे होते, ते संरक्षित वाड्याचे होऊ नये. शिवाय पडलेल्या वाड्याचे पोवाडे तेवढे उरतात. तो उंबरा, ती बोळ, ती देवडी नाहीशी झाली की पेशवाई ही फक्त पराक्रमाची आणि पगडीची गोष्ट होऊन बसते. त्यांना हेच तर हवे आहे.

दुसरीकडे वारसाप्रेमी मंडळी म्हणतात, वास्तूत जात कशाला आणता, सौंदर्य बघा. त्यांना अमेरिकेतले उदाहरण देऊ. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन ज्या माँटिसेलो नावाच्या घरात राहत होता, ते आज संग्रहालय आहे. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून ठेवले. पूर्वी तिथे त्याची पुस्तके आणि खिडक्या दाखवत. आता त्या गुलाम माणसांची नावे, त्यांच्या खोल्या, त्यांचे काम दाखवतात. २०१८ मध्ये सॅली हेमिंग्स या गुलाम स्त्रीवर स्वतंत्र दालन उघडले. त्यामुळे घर कुरूप झाले नाही, खरे झाले. अमेरिकेतल्या गुलामगिरीशी आपले दुःख जोडण्याची दृष्टी महात्मा फुल्यांनी १८७३ मध्येच दिली होती. 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांनाच अर्पण केले आहे.

सरकारवाड्याचे संरक्षण राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली, सार्वजनिक पैशातून होते. तो पैसा आपलाही आहे. घटनेच्या अनुच्छेद ५१क ने संमिश्र वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. संमिश्र हा शब्द महत्त्वाचा. एकाच जातीच्या नजरेतून सांगितलेला वारसा संमिश्र होत नाही. तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात.

एक, वाड्याच्या माहितीफलकावर बांधणाऱ्या जातींचे आणि त्यांच्या कामांचे, वेठीचे आणि प्रवेशबंदीचे उल्लेख यावेत. पाथरवटाची टाकी, मांगाचा दोर, पखाल ही साधने नक्षीदार खांबांच्या शेजारी मांडावीत.

दोन, सरकारवाडा, गोदाघाट, काळाराम मंदिराचा दरवाजा आणि त्रिरश्मी लेणी अशी एकच वारसा फेरी शहरात सुरू व्हावी. सरकारने नाही केली तर आपण करू. त्याला निधी लागत नाही, अभ्यास लागतो.

तीन, वाड्याच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, काम कोणी केले, याची माहिती अधिकारात मागणी करावी. आज दुरुस्तीचा दगड घडवणारे कारागीरही बहुतेक आपल्याच भावकीतले आहेत. निदान त्यांची नावे तरी या वेळी फलकावर यावीत.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, आपल्या वास्तूंची यादी आपण करावी. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर कित्येक वर्षे रांगेतल्या इतर घरांसारखे एक घर होते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, ही गोष्ट आपल्या लोकांनी लावून धरली म्हणून महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतले. तिथल्या स्थानिक परिषदेने संग्रहालयाला परवानगी नाकारली, तेव्हा चौकशीला तोंड देऊन मार्च २०२० मध्ये ती मिळवली. म्हणजे मागणी लावून धरली की सरकार एका घरासाठी साता समुद्रापलीकडे भांडते. मग नाशिक जिल्ह्यात सत्याग्रहींना भाकरी देणारी घरे, मुलांना ठेवून घेणारी वसतिगृहे, सभा झालेल्या चावड्या यांची साधी नोंद तरी आपल्याकडे आहे का? आपल्या चळवळीची घरे मातीची, पत्र्याची होती. ती सरकारवाड्यासारखी अडीचशे वर्षे टिकणार नाहीत. त्यांची नोंद आजच्या आज झाली नाही तर ती आपल्या डोळ्यांदेखत जातील. फोन हातात घ्या, फोटो काढा, आजीला बसवून विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

त्या मुलीला आम्ही हे सगळे पुढे भेटल्यावर सांगितले. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "दादा, पण फलक लावू देतील का ते?" आम्ही म्हणालो, चवदार तळ्याचे पाणी तरी कोणी सहज पिऊ दिले होते?

पुढच्या १८ एप्रिलला सकाळी आठ वाजता सराफ बाजारात, त्या काळ्या जोत्यासमोर आम्ही पुन्हा येणार आहोत. या वेळी आतला आणि मागचा, दोन्ही वाडे दाखवू. वही-पेन घेऊन या.

जय भीम!